पार्श्वभूमी : तुटक वाटा आणि त्यांना जोडणारे फलक

नदीकाठची पायवाट, बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरचा सायकलमार्ग, जंगलातली एखादी फेरी. अशा वाटा सहसा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या खात्यांच्या पैशांतून आणि एकमेकींची दखल न घेता तयार होतात. एक जिथे संपते तिथून दुसरी कधी कधी अर्ध्या किलोमीटरवर असते, पण त्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला ते कळायला काही मार्ग नसतो. दिशादर्शक फलक लावून या वाटा जोडाव्यात, ही कल्पना त्यातूनच आली.

खुणांची परंपरा जुनी आहे. पॅरिसजवळच्या फोंतेनब्लो जंगलात १८४० च्या दशकात नेपोलियनच्या सैन्यातल्या एका माजी सैनिकाने निळे बाण रंगवले आणि लोक वाटाड्याशिवाय फिरू लागले. बोहेमियात प्रागच्या दक्षिणेला १८८९ मध्ये रंगीत खुणांची पहिली वाट झाली. नेदरलँड्समध्ये पुढाकार सायकलवाल्यांचा होता. त्यांच्या संघटनेने १८९४ पासून फलक लावले आणि १९१९ पासून सायकलमार्गांवर अळंबीच्या आकाराचे बुटके फलक आणले. फ्रान्समध्ये १९४७ पासून लांब पल्ल्याच्या वाटांवर पांढरा आणि लाल पट्टा दिसू लागला. दोन पट्टे समांतर असतील तर वाट बरोबर, फुली असेल तर इकडे वळायचे नाही.

या सगळ्या खुणा, विशेषतः चालणाऱ्यांसाठीच्या, एकाच कामाच्या होत्या : वाटेवर असलेल्याने वाट सोडू नये. या वाटेवरून त्या वाटेवर कसे जायचे, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. ते मिळायला १९९५ उजाडावे लागले. त्या एका वर्षात दोन देशांनी दोन निराळे रस्ते धरले.

बेल्जियमच्या लिम्बुर्ख प्रांतात कोळशाच्या खाणी नुकत्याच बंद झाल्या होत्या. तिथल्या एका खाण अभियंत्याच्या कल्पनेनुसार सायकलमार्गांना नावे देण्याऐवजी ते जिथे एकमेकांना मिळतात त्या जागांना आकडे दिले गेले. निघण्यापूर्वी नकाशा पाहून २४, ३१, ७, ५२ असे आकडे चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठी हँडलला लावायची आणि निघायचे. मधले फलक फक्त पुढचा आकडा आणि बाण दाखवतात. आकड्याच्या जागी नकाशाचा मोठा फलक असतो. नवी वाट जोडायची झाली तर जुना मार्ग मोडावा लागत नाही, जाळ्यात एखादा आकडा वाढतो. ही पद्धत पुढे नेदरलँड्सभर पसरली आणि चालणाऱ्यांसाठीही स्वतंत्र आकड्यांची जाळी झाली. स्थानिक वाटा जोडण्याचा याहून सोपा उपाय अजून कुणी काढलेला नाही, असे माझे मत आहे. उणीव एकच : आकडा गावाचे नाव सांगत नाही. नकाशा न पाहता निघालेल्याला ‘३१’ वाचून काहीच बोध होत नाही.

ब्रिटनमध्ये त्याच वर्षी राष्ट्रीय लॉटरीच्या पैशांतून ४.३५ कोटी पौंड सायकलमार्गांच्या राष्ट्रीय जाळ्यासाठी मंजूर झाले. पहिले ५,००० मैल २००० साली खुले झाले. निळ्या फलकावर लाल चौकट आणि तीत पांढरा आकडा, ही त्या मार्गांची ओळख. या फलकांवरची एक बारीक खूण जोडणीच्या दृष्टीने फार मोलाची आहे. आकडा कंसात असेल तर तुम्ही अजून त्या मार्गावर नाही, पण इकडून गेलात तर तो मिळेल. गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या हातभर फलकावरचा हा कंस दोन वाटांमधले अंतर मिटवतो.

मात्र तो कंस तुम्हाला कुठल्या रस्त्याने नेतो, यावरून पुढे मोठा वाद झाला. जाळे वाढत वाढत साडेसोळा हजार मैलांच्या घरात गेले, पण त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग गाड्यांच्या रस्त्यांवरून जात होता. काही ठिकाणी तर भरधाव वाहतुकीच्या रस्त्यावर फलकाशिवाय दुसरे काहीच नव्हते. जाळे सांभाळणाऱ्या धर्मादाय संस्थेने २०१८ मध्ये स्वतःच पाहणी प्रसिद्ध केली आणि जवळजवळ निम्मे जाळे निकृष्ट असल्याचे मान्य केले. १२ वर्षांचे मूल एकटे जाऊ शकेल, ही कसोटी ठरली. जुलै २०२० मध्ये जाळ्याचा सुमारे एक चतुर्थांश भाग वगळला गेला. काही तुकड्यांचा दर्जा बदलून ते अनुभवी सायकलस्वारांसाठीचे मार्ग ठरले, काही पूर्णपणे काढले गेले.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हलक्यात घेण्यासारखे नव्हते. यातले कितीतरी फलक स्थानिक स्वयंसेवकांनी स्वतः खांबांवर चढवले होते आणि वर्षानुवर्षे पुसले होते. ग्रामीण भागात तो रस्ता हाच दोन वाटांमधला एकमेव दुवा होता. फलक काढल्याने रस्ता सुरक्षित होत नाही, फक्त सायकलस्वार नकाशावरून गायब होतो. शिवाय आधी फलक लागला, लोक येऊ लागले, मग रस्ता सुधारा म्हणून दबाव वाढला, असा क्रम अनेक ठिकाणी घडतो.

तरीही निर्णय योग्यच होता. फलक म्हणजे शब्द दिल्यासारखे असते. ज्याला तो भाग ठाऊक नाही, जो पोराबाळांना घेऊन निघाला आहे, तोच फलकावर विसंबतो. रोज जाणाऱ्याला त्याची गरजच नसते. अनोळखी माणसाला ट्रकांच्या रस्त्यावर आणून सोडणारा बाण नसलेलाच बरा. हा मुद्दा जोडफलकांच्या प्रत्येक योजनेत येतो, कारण दोन चांगल्या वाटांमधला तुकडा हाच बहुतेक वेळा सर्वांत वाईट असतो.

फलकावर अंतर लिहावे की वेळ, हा वाद त्या मानाने छोटा. स्वित्झर्लंडचे पिवळे फलक चालणाऱ्यांना किलोमीटर नव्हे, तास-मिनिटे सांगतात, आणि चढउतार असलेल्या मुलखात तेच शहाणपणाचे. पण त्याच खांबावर सायकलवालाही वाचणार असेल तर चालणाऱ्याची वीस मिनिटे त्याच्या काय कामाची? सामाईक वाटांवर अंतर लिहिणे सोयीचे पडते.

आता हातातल्या फोनवर नकाशा असतो, तेव्हा खांब कशाला, असेही विचारले जाते. फोन विचारल्यावर सांगतो. इथून जोडवाट निघते हे मुळात ठाऊकच नसलेला माणूस विचारणार कसा? फलक त्याला न विचारता सांगतो.

खरी अडचण देखभालीची आहे. वाऱ्याने वळलेला बाण, कुंपणाच्या झुडपात गेलेला खांब, दोन हद्दींच्या मध्ये हरवलेला फलक : एक गेला की अख्खी साखळी तुटते. डच बुटक्या फलकांपैकी प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे कुठला मोडला ते नेमके कळवता येते. जबाबदारी कुणाची, हे स्वित्झर्लंडने कायद्यात घातले. पायवाटांचा कायदा १९८५ चा. २०१८ च्या सार्वमतात ७३ टक्क्यांहून अधिक मतदारांनी सायकलमार्गांना राज्यघटनेत जागा दिली, आणि १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे तिथल्या प्रांतांनी सायकलमार्गांच्या जाळ्याचे नियोजन २०२७ अखेर आणि प्रत्यक्ष काम २०४२ अखेर पुरे करायचे आहे.