डेटाशीटवरचं शून्य

पहिल्यांदा एका जंगलातल्या सर्व्हेला हातभार लावायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. चार तास चाललो, माझ्या शीटवर एक हरीण आणि बाकी खालपर्यंत शून्य, शून्य, शून्य. मला तर शीट द्यायचीच लाज वाटत होती, म्हटलं बाकीच्यांना गवे, अस्वलं दिसली असणार आणि आपण नुसते डास मारून आलो. डेटा गोळा करणाऱ्या ताईंनी शीट बघितली आणि म्हणाल्या, "अरे शून्य ठीक आहे, पण सुरू किती वाजता केलंस, किती किलोमीटर चाललास, ते कुठंय?" ते रकाने मी रिकामे सोडलेले. "मग ही सगळी शून्यं बाद," एवढं बोलून त्या पुढच्याच्या शीटकडे वळल्या.

तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण नंतर हळूहळू कळत गेलं की जैवविविधतेच्या फील्डवर्कमध्ये अर्धी डोकेफोड या शून्याचीच असते. शीटवर शून्य आलं याचा अर्थ प्राणी तिथे नव्हता, किंवा होता पण झुडपात दबून बसला होता, किंवा तो रस्ता ओलांडून गेला तेव्हा तुम्ही बुटाची नाडी बांधत होतात. कागदावर तिन्हींचं चिन्ह एकच.

साधा हिशोब करून बघा. समजा एखादं लाजाळू जनावर एका जागी राहतंय आणि एका फेरीत ते दिसण्याची शक्यता ३० टक्के आहे. एकदा जाऊन आलात तर ते तिथे असूनही न दिसण्याची शक्यता ७० टक्के. पाच वेळा गेलात तर ०.७ चा पाच वेळा गुणाकार, म्हणजे साधारण १७ टक्के. दहा वेळा गेलात तर ३ टक्क्यांच्या आत. म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा जायचं आणि प्रत्येक वेळी किती वेळ घालवला ते लिहायचं, कारण दहा फेऱ्यांनंतरचं शून्य आणि एका फेरीनंतरचं शून्य यांचं वजन सारखं नसतं. बाहेरच्या माणसाला हे कंटाळवाणं वाटतं आणि ते आहेच कंटाळवाणं.

न दिसलेल्यांचा हिशोब करायची एक जुनी युक्ती माशांवरून आली. कार्ल पीटरसन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात मासे पकडून त्यांना खुणेचे बिल्ले लावून परत सोडायला सुरुवात केली. तळ्यातले ५० मासे पकडले, खूण केली, सोडले. ते बाकीच्यांत मिसळले की परत जाळं टाकलं आणि ४० मासे आले, त्यातले १० खुणेचे निघाले. म्हणजे जाळ्यात दर चार माशांमागे एक खुणेचा, तर तळ्यातही साधारण तसंच असणार आणि खुणेचे एकूण ५०, म्हणजे तळ्यात २०० च्या आसपास मासे. तळं उपसायची गरजच नाही. अर्थात यात अटी आहेत, खूण पडता कामा नये, मासे मधल्या काळात बाहेरून आलेले-गेलेले चालत नाहीत आणि एकदा पकडला गेलेला मासा जाळ्याला बिचकायला लागला की गणित बिघडलंच.

वाघाला बिल्ला कोण लावणार, पण वाघ स्वतःची खूण अंगावर घेऊनच फिरतो. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी नव्वदच्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, फोटोंवरून हेच माशांचं गणित वाघांना लावून दाखवलं. यात वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे वेगळे, उजव्या कुशीवरचे वेगळे, एका फोटोत डावी कूस आणि दुसऱ्यात उजवी असली तर हा वाघ आणि तो वाघ एकच की दोन हे कळायला मार्ग नाही.

कॅमेरा लावणं फोटोत बघायला लई भारी वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही गुडघ्याएवढ्या उंचीवर झाडाला पट्ट्याने एक डबा आवळता, मग समोर चारी पायांवर वाघासारखं रांगत जाता, लाल दिवा लुकलुकला की सेन्सर चालू आहे म्हणायचं. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं काम, समोरचं गवत उपटणं. कारण सेन्सर उष्णतेतला फरक आणि हालचाल टिपतो, उन्हात तापलेलं एक पातं वाऱ्याने हललं की खटॅक फोटो. एकदा एक पातं राहिलं माझ्याकडून. कार्ड उघडलं तर साडेतीन हजार फोटो, सगळे त्या पात्याचे, सकाळचं पातं, दुपारचं पातं, आणि दोन दिवसांत बॅटरी संपून पुढचे बारा दिवस कॅमेरा मेलेला. त्या बारा दिवसांची नोंद शून्य म्हणून करायची नसते हे मला तोवर कळलं होतं, तिथे "कॅमेरा बंद" असंच लिहायचं.

हे सगळं उगाच कीस पाडणं वाटत असेल तर राजस्थानातला सरिस्का व्याघ्र प्रकल्प आठवा. तिथे पूर्वी पायाच्या ठशांवरून वाघ मोजायचे, ठसा बघून हा अमुक वाघ असं ओळखायचं. कागदावर डझनभराहून जास्त वाघ होते आणि २००५ पर्यंत स्पष्ट झालं की प्रत्यक्षात एकही उरलेला नाही, शिकाऱ्यांनी साफ केले होते. एरवी भीती असते ती प्राणी असूनही शून्य लिहिलं जाण्याची, पण इथे शून्य लिहायला हवं होतं तेव्हा कुणी लिहिलंच नाही. त्यानंतर पद्धत बदलली. देशभराचा आकडा २००१-०२ मध्ये ३,६४२ सांगितला होता, २००६ च्या नव्या पद्धतीत तो १,४११ आला आणि सोबत हेही छापलं की खरा आकडा १,१६५ ते १,६५७ यांच्यामध्ये कुठेतरी असावा. खूप लोक या दोन आकड्यांची वजाबाकी करून इतके वाघ मेले असं सांगतात, ते मला पटत नाही. दोन वेगळ्या फुटपट्ट्यांनी मोजलेल्या गोष्टींची वजाबाकी कशी करणार?

झाडं तर जागची हलत नाहीत, तिथे काय अडचण, असं मलाही वाटायचं. रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञांनाही वाटायचं. नेब्रास्काच्या गवताळ माळावर वर्षानुवर्षं हिंडल्यावर कुठलं झाड किती आहे हे नुसतं बघून सांगू शकतो अशी त्यांची खात्री होती. मग त्यांनी जमिनीवर चौकोन आखले आणि आतलं एकेक रोप मोजलं, आणि लक्षात आलं की नजरेचा अंदाज सपशेल चुकतोय, डोळ्यात भरणारी झाडं जास्त वाटतात आणि बारकी-साधी झाडं हिशोबातच येत नाहीत. १८९८ मध्ये त्यांनी ही चौकोनाची पद्धत छापली, आजही जगभर विद्यार्थी तेच चौकोन टाकून गुडघे सोलून घेतात. यातले पाउंडसाहेब वकीलही होते आणि पुढे हार्वर्डच्या लॉ स्कूलचे डीन झाले, हे जाता जाता.

किड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. रेने मालेझ या स्वीडिश कीटकतज्ज्ञाला प्रवासात दिसलं की तंबूत शिरलेले किडे बाहेर पडायला वर वर चढत जातात आणि टोकाला अडकतात, त्यावरून त्याने तंबूसारखा सापळाच शिवला, टोकाला बाटली. जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या हौशी कीटकप्रेमींनी असे सापळे १९८९ पासून ६३ राखीव जागांवर लावले, आणि २०१७ मध्ये छापून आलं की २७ वर्षांत उडणाऱ्या किड्यांचं एकूण वजन ७५ टक्क्यांहून जास्त घटलंय. बातमीने जगभर खळबळ उडाली. मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडते, की त्यांनी सापळ्याचं कापड, आकार, बाटली, अगदी वजन करण्याआधी अल्कोहोल किती निथळू द्यायचं तेसुद्धा इतकी वर्षं बदललं नाही. मात्र बऱ्याच जागी सापळा एकाच वर्षी लागला होता, त्यामुळे त्यावर वादही झाले, आणि ते रास्तच होते.

या सगळ्यात माझा सगळ्यात लाडका माणूस म्हणजे जोसेफ ग्रिनेल, बर्कलीच्या प्राणिशास्त्र म्युझियमचा संचालक. १९१४ ते १९२० मध्ये त्याच्या टीमने कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या डोंगरउतारावर उंदीर, खारी, चिचुंद्र्या असले बारके प्राणी धुंडाळले. सापडलेलं तर सगळेच लिहितात, पण या लोकांनी कुठल्या रात्री किती सापळे लावले आणि त्यात काय आलं, हे रोजच्या रोज लिहून ठेवलं. तेव्हा ही गणितं करायची सोय नव्हती, कॉम्प्युटर तर नव्हतेच.

जवळपास नव्वद वर्षांनी त्याच म्युझियमचे लोक त्या वह्या घेऊन त्याच उतारावर परत गेले. आता प्रश्न असा की एखादा उंदीर आज खाली सापडत नाही आणि वर सापडतोय, तर तो खरंच वर सरकला की आधीच्यांना तो वर दिसला नव्हता इतकंच? वह्यांत दर रात्रीचे सापळे लिहिलेले असल्यामुळे त्या काळात तो असूनही चुकण्याची शक्यता किती हे काढता आलं. २००८ मध्ये निकाल आला, २८ पैकी निम्म्या जाती सरासरी ५०० मीटर वर सरकल्या होत्या, आणि दरम्यान तिथलं किमान तापमान सुमारे ३ अंशांनी वाढलं होतं.

पुढच्या सर्व्हेला मी पेन्सिल नेली, पेनाची शाई दवाने पसरते म्हणून. शीटवर पहिलं लिहिलं, "सुरू ६.१०, धुकं, समोरचं तीस मीटरच्या पुढे दिसत नाही." मग चाललो तीन किलोमीटर. शून्य आलं.