आयन-युग्मन व प्रावस्था-स्थानांतरण उत्प्रेरण

पाण्यातील लवणाचा ऋणायन (ऋणभारित कण) चतुर्थक अमोनियम धनायनाशी, म्हणजे नायट्रोजनावर चार कार्बनी गट असलेल्या धनभारित कणाशी, जोडी करून पाण्यात न मिसळणाऱ्या कार्बनी थरात जातो व तेथे विक्रिया करतो. या जोडीस आयन-युग्म म्हणतात. तिची घट्ट वा सैल बांधणी विक्रियेचा वेग ठरवते.

ऋणायनाला एका थरातून (प्रावस्थेतून) दुसऱ्यात नेणारा हा धनायनच येथे उत्प्रेरक असतो. ‘प्रावस्था-स्थानांतरण उत्प्रेरण’ ही या तंत्राची संज्ञा रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स स्टार्क्स यांच्या १९७१ च्या निबंधाने रूढ झाली. तंत्र त्याहून जुने आहे. पोलंडमध्ये मॉकोशा यांचे काम १९६० च्या दशकाच्या मध्यापासून दिसते. स्वीडनमध्ये ब्रँडस्ट्रोम यांनी याच सुमारास ‘आयन-युग्म निष्कर्षण’ हे नाव वापरले. प्रत्यक्ष घडणारी क्रिया या नावातच अधिक नेमकी उतरते.

रसायनशास्त्रज्ञ ब्येरुम यांच्या १९२६ च्या सिद्धांतानुसार २५° से. तापमानाच्या पाण्यात एकेक भार असलेले विरुद्ध आयन सुमारे ०·३६ नॅनोमीटरच्या आत आले तरच युग्म मानावे. डायक्लोरोमिथेन या कार्बनी द्रावकात ही मर्यादा सुमारे ३ नॅनोमीटर होते. म्हणजे कार्बनी थरात सुटा आयन जवळजवळ नसतोच. टेट्राब्यूटिल अमोनियमाचा धनभार चार ब्यूटिल साखळ्यांआड दडतो, ऋणायन त्याला सोडियमाइतका खेटत नाही. शिवाय पाण्याचे बहुतेक रेणू मागे राहतात. म्हणून ऋणायन अधिक क्रियाशील होतो. याउलट आयोडाइड त्याच धनायनाला कार्बनी थरात धरून बसते. त्यामुळे अल्किल आयोडाइड वापरल्यास सुटणारे आयोडाइड उत्प्रेरक अडवते.

सायनाइडासारखा ऋणायन युग्म होऊन आत जातो, हे स्टार्क्स यांचे मत सर्वमान्य आहे. हायड्रॉक्साइडाचे तसे नाही. तो पाण्याला फार घट्ट धरतो, म्हणून दोन थरांच्या सीमापृष्ठावरच कार्बनी रेणूतून प्रोटॉन काढला जातो व तयार झालेला कार्बऋणायन (कार्बनावर ऋणभार असलेला आयन) पुढे युग्म करतो, हे मॉकोशा यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रयोगशाळेत पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यावर टोल्यूइन ओतून चिमूटभर टेट्राब्यूटिल अमोनियम ब्रोमाइड टाकून हलवावे. रंग वरच्या थरात चढतो. विदर्भातील गावच्या महाविद्यालयातही हे सहज दाखवता येते. यवतमाळ, वर्धा, अकोल्याकडच्या पऱ्हाटीवर बोंडअळीसाठी फवारले जाणारे सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक याच रीतीने बनते: सायनाइड युग्मरूपाने हेप्टेनसारख्या थरात येऊन मेटा-फिनॉक्सिबेंझाल्डिहाइडाशी जोडले जाते, मग आम्ल क्लोराइड त्यास बांधले जाते. आम्ल क्लोराइड पाण्यापासून दूर राहिल्याने त्याची नासाडी कमी होते.

असममित संश्लेषणातही, म्हणजे रेणूच्या दोन आरशी-प्रतिमांपैकी मुख्यतः एकच बनवण्यातही, युग्माचा उपयोग झाला आहे. १९८४ मध्ये सिंकोना झाडातील अल्कलॉइडापासून बनवलेल्या धनायनाने इंडॅनोन या कार्बनी संयुगाचे मिथिलीकरण (मिथिल गट जोडणे) बहुतांशी एकाच बाजूने घडवले गेले.