ग्रंथालयाचं कर्मचारी-वार्तापत्र कागदावरून ऑनलाइन कसं गेलं

ग्रंथालयातले सगळे कर्मचारी एका वेळी क्वचितच भेटतात. सकाळी देवघेव काउंटरवर असणारा आणि रात्री वाचनकक्ष बंद करणारा यांची गाठ पडेलच असं नाही. शाखा असल्या तर विचारायलाच नको. बदल्या, निवृत्ती, नवे नियम सगळ्यांना कळावेत म्हणून वार्तापत्र निघू लागलं.

ते परवडलं ते स्टेन्सिलमुळे. १८८७ साली शिकागोच्या ए. बी. डिक कंपनीने एडिसनच्या पेटंटांच्या आधारे मिमिओग्राफ हे प्रती काढण्याचं यंत्र बाजारात आणलं आणि छापखान्याची पायरी न चढता शेकडो प्रती काढता येऊ लागल्या. टाइपरायटरची रिबन बाजूला सारून मेणकागदावर, म्हणजेच स्टेन्सिलवर, नुसती अक्षरं ठोकायची. मेण फाटेल तिथून शाई उतरते. फार जोरात ठोकलं तर गोल अक्षराचं पोटच गळून पडायचं. चूक झाली की फ्लुइड लावा, वाळू द्या, पुन्हा ठोका. प्रती मोजक्या असल्या तर एकच अंक टेबलोटेबली फिरायचा, नावापुढे आद्याक्षरं घेत.

१९५९चं झेरॉक्स ९१४ हे कॉपी यंत्र आणि १९८५चं पेजमेकर हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर यांनी अंक देखणा केला, पण कागद सुटला नाही. गंमत म्हणजे पुस्तकांची तालिका (कॅटलॉग) संगणकावर नेण्यासाठीचं मार्क हे नोंदींचं स्वरूप ग्रंथालयांनी १९६०च्या दशकातच घडवलं होतं.

१९९३ साली पीडीएफ आलं आणि त्याच वर्षी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने वेबचं तंत्र सर्वांना खुलं केलं. पीडीएफ हा माझ्या मते अर्धाच बदल. तोच चार पानी अंक, फक्त ई-मेलने. खरा बदल झाला तो अंकच मोडला तेव्हा. बातमी आली की इंट्रानेटवर, म्हणजे संस्थेच्या अंतर्गत संकेतस्थळावर, चढवायची. पानं भरायची चिंता नाही, तारीख पाळायची नाही.

जतनाचा प्रश्न इथेच निर्माण झाला. कागदी अंक वर्षाअखेरीस बांधून कपाटात जायचे. अंतर्गत म्हणून त्यांना अनेकदा आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख-क्रमांक) नसायचा, तालिकेत नोंदही नसायची, पण खंड हाताशी असायचा. इंट्रानेटची पानं मात्र सर्व्हर बदलला की जातात, आणि पासवर्डआडची असल्याने वेबपानं जतन करणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हलाही ती टिपता येत नाहीत. जतनासाठीचं पीडीएफ/ए मानक २००५ साली आलं खरं, पण ते लावायला आधी वेगळी फाइल असावी लागते.