टायटॅनियम इम्प्लांटचा खडबडीतपणा

हाडात रोवायच्या टायटॅनियमचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करतात. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला बसवलेले दंतरोपणाचे स्क्रू नुसते लेथवर कातलेले होते. ते हाडात घट्ट बसत, पण वर दात चढवण्याआधी तीन ते सहा महिने थांबावे लागे.

हा काळ घटवला तो ‘एसएलए’ (कणांचा मारा आणि मग आम्लाने कोरणे) या प्रक्रियेने. धातूवर आधी ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे) २५० ते ५०० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण जोराने मारतात. त्याने मोठे, उथळ खळगे पडतात. मग हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या गरम मिश्रणात भाग बुडवला की त्या खळग्यांच्या आत एक ते तीन मायक्रॉनचे बारीक खड्डे कोरले जातात. रक्ताची गुठळी अशा पृष्ठभागाला धरून राहते आणि हाड बनवणाऱ्या पेशी तिच्यातून थेट धातूपर्यंत पोचतात. १९९८ मध्ये ही रोपणे बाजारात आली तेव्हा थांबण्याचा काळ साधारण सहा आठवड्यांवर आला होता.

श्रेय एकट्या खडबडीतपणाला देणे मात्र घाईचे ठरेल. रासायनिक प्रक्रियेत आकाराबरोबर धातूचा वरचा थरही बदलतो. आम्लात टायटॅनियम हायड्राइड तयार होते. जपानमधल्या क्योटोचे संशोधक कोकुबो यांच्या पद्धतीत सोडियम हायड्रॉक्साइड आणि नंतरची उष्णता यांमुळे सोडियम टायटॅनेटचा थर बनतो. रक्तद्रवासारख्या द्रावणात त्यावर हाडातल्यासारखे ॲपेटाइट हे खनिज आपोआप साचते. कोरल्यानंतर हवेशी संपर्क टाळून सलाइनमध्ये ठेवलेला एसएलए पृष्ठभाग पाण्याने लगेच भिजतो. तोच हवेत सुकवला तर पाणी झटकतो. खडबडीतपणाचा आकडा दोन्हींचा जवळपास सारखाच!

मोजमापातही गोम आहे. ‘आरए’ ही पृष्ठभागाच्या चढउतारांची एका रेषेवरची सरासरी, ‘एसए’ क्षेत्रफळावरची. हाडासाठी एक ते दोन मायक्रॉन ‘एसए’ अनुकूल मानतात. पण टोकदार सुळके आणि खोल खड्डे यांची सरासरी एकच येऊ शकते. शिवाय पृष्ठभागावरून सुई फिरवून चढउतार मोजणाऱ्या प्रोफाइलोमीटरच्या सुईचे टोकच दोन मायक्रॉन त्रिज्येचे असेल, तर आम्लाने कोरलेल्या खड्ड्यात ते शिरतच नाही. म्हणून प्रकाशीय इंटरफेरोमीटर किंवा अणुबल सूक्ष्मदर्शक वापरतात. उपकरण आणि फिल्टर (मोठे चढउतार वगळण्याची गणिती चाळणी) सांगितल्याशिवाय दिलेला आकडा फारसा कामाचा नाही.

हिरडीतून वर येणाऱ्या भागाला हे काही लागू नाही. तिथे ०.२ मायक्रॉनपेक्षा जास्त ‘आरए’ असला की जीवाणूंचा थर वाढतो, आणि कृत्रिम खुब्याच्या धातूच्या गोळ्याला तर ०.०५ मायक्रॉनपर्यंत घासून चकचकीत करावे लागते.