जिनिंगच्या भिंतीआडची वाट

विदर्भातल्या आमच्या तालुक्याच्या गावात बस स्टँडजवळची जुनी जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, पाडून तिथं कॉम्प्लेक्स उभं राहिलं. खाली दुकानं आणि बँक, वर फ्लॅट, मागच्या अंगाला मंगल कार्यालय. गावाला त्याची गरज होतीच आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती चालायच्या जागेची. मागच्या वस्तीतली माणसं विचारतात, आम्ही आता स्टँडवर जायचं कुठून? चर्चा निघाली की ती टपऱ्या आणि पाणठेल्यांच्या अतिक्रमणावर येऊन थांबते. पण ही अडचण टपऱ्यांनी निर्माण केलेली नाही. ती समजून घ्यायची तर जिनिंगची भिंत इथं का आली, तिथपासून सुरुवात करावी लागते.

1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेलं. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकदम भाव आला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. मुख्य मार्गापासून बाजूला पडलेल्या कापसाच्या बाजारपेठांसाठी फाटे काढले गेले: 1870 मध्ये जलंबहून खामगाव, पाठोपाठ बडनेऱ्याहून अमरावती. पुढं मूर्तिजापूरहून एकीकडे दर्यापूर-अंजनगावमार्गे अचलपूर आणि दुसरीकडे कारंजा-दारव्हामार्गे यवतमाळ अशी छोटी गाडी सुरू झाली. तीच आपली शकुंतला. 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली. पुलगाव-आर्वीची गाडीही याच घराण्यातली.

जिथं गाडी थांबली तिथं जिनिंग-प्रेसिंग आली. कापूस बंडीनं, म्हणजे बैलगाडीनं, यायचा, सरकी वेगळी व्हायची, रुईच्या गाठी बांधल्या जायच्या आणि गाठी थेट वॅगनमध्ये चढायच्या. त्यामुळं कारखान्याची जागा ठरलेली असायची: एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला बाजाराचा रस्ता, मध्ये काही एकरांचं आवार. आवार मोठं लागायचं, कारण हंगामात कापसाच्या गंज्या उघड्यावर लागत आणि एक ठिणगी सगळं गिळून टाकू शकत असे. दोन गंज्यांमध्ये अंतर, पाण्याचा हौद, शेजारच्या वस्तीपासून तुटकपणा आणि चहूबाजूंनी उंच भिंत, हे सगळं आगीच्या आणि चोरीच्या धाकानं आलं. फाटक बहुधा एकच, कारण आत येणारी प्रत्येक बंडी वजनकाट्यावरून जायला हवी.

पायी चालणाऱ्याच्या दृष्टीनं या रचनेचा अर्थ सरळ आहे. गावाच्या मधोमध एक असा तुकडा तयार झाला, ज्याच्या आरपार जाता येत नाही. आपल्या जुन्या पेठांत दर वीस-पंचवीस पावलांवर बोळ फुटतो. जिनिंगच्या भिंतीला मात्र सबंध लांबीत बोळ नाही. मजुरांची वस्ती भिंतीच्या मागं वसली. बाजार, शाळा, दवाखाना, स्टँड सगळं पुढं. मागच्या लोकांनी वळसा घालायचा, हे तेव्हाच ठरून गेलं.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. या धंद्यातल्या वाटांकडे कायद्यानं फार बारकाईनं लक्ष दिलं होतं. कारंजा लाडला 1886 मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार आला आणि 1897 मध्ये वऱ्हाडातल्या कापूस व धान्य बाजारांसाठी वेगळा कायदा झाला. 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्यात तर नव्या कारखान्यात सरकीचा कापूस आत येण्याची वाट वेगळी आणि रुई बाहेर जाण्याची वाट वेगळी असावी असं कलम होतं, भेसळ होऊ नये म्हणून. म्हणजे कापूस कुठून आत जाईल आणि कुठून बाहेर पडेल याचा विचार शंभर वर्षांपूर्वी झाला. पहाटे भोंग्यावर कामाला येणारी आणि अंधार पडल्यावर घरी जाणारी बाई कुठून चालेल, याची काळजी मात्र भिंतीबाहेरच राहिली.

तरी त्या काळात चालायला जागा होती आणि ती बंड्यांमुळं होती. दसऱ्यानंतर कापूस येऊ लागला की फाटकाबाहेर रात्र रात्र बंड्यांची रांग लागे. बैल सोडायचे, वैरण टाकायची, तीन दगडांवर भाकर भाजायची. त्यासाठी भिंतीला लागून मोठी पट्टी मोकळी ठेवावी लागे. लहान गावाच्या मानानं जिनिंगपुढचे रस्ते एवढे रुंद का, याचं उत्तर त्या रांगेत आहे. हंगाम संपला की ती पट्टी चालणाऱ्यांची. कडुनिंबाच्या सावलीतून शाळेत गेलेली एक अख्खी पिढी अजून गावात आहे.

1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना, म्हणजे कापूस सरकारलाच विकायची योजना, आली आणि जिनिंगची आवारं संकलन केंद्रं झाली. बंड्यांसोबत ट्रॅक्टर आले, प्रत ठरवणारा ग्रेडर आणि चुकाऱ्याच्या, म्हणजे कापसाच्या पैशांच्या, गोष्टी आल्या, पण फाटक आणि भिंत तीच राहिली. खरा बदल 2000 नंतरचा. कापूस तंत्रज्ञान अभियानातून आधुनिक जिनिंग उभ्या राहू लागल्या. त्यांना ट्रक वळायला जागा आणि हायवे हवा होता, म्हणून त्या गावाबाहेर गेल्या. एकाधिकार योजना ढिली पडली, शकुंतलाही थांबली. गावातल्या जुन्या जिनिंग एकेक करून बंद झाल्या.

बंद जिनिंगची भिंत कधीतरी पडतेच. आमच्याकडं मागच्या बाजूला दोन ठिकाणी ती पडली आणि काही महिन्यांत तिथून पायवाट तयार झाली. ती कुणी आखली नव्हती. पोरं शाळेत जाताना, बाया धुण्याभांड्याच्या कामाला जाताना, म्हातारे दवाखान्यात जाताना ती पडली. हौदाच्या कडेनं, बाभळीच्या खालून, जुन्या काट्याच्या चौथऱ्यावरून थेट स्टँडसमोर. मी एकदा पावलं मोजली होती, तीनशेच्या आत भरली. गावाच्या मधोमध असलेला तो बंद तुकडा पहिल्यांदा उघडला तो असा, आणि बरीच वर्षं उघडा राहिला.

कॉम्प्लेक्स आल्यावर मागं नवी भिंत बांधली गेली आणि वाट बंद झाली. आता वळसा घातला की हजारावर पावलं होतात. शिवाय पुढची मोकळी पट्टीही गेली. रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा त्याची पातळी उंचावली, दोन्ही कडेला नाली बांधली, नालीवर ढापे, म्हणजे झाकणाच्या फरश्या, टाकले. हे ढापेच आमचा फूटपाथ. दुकानांपुढं गट्टू बसवले आहेत, पण प्रत्येक दुकानाची उंची वेगळी, मध्ये मध्ये गाडी चढवायचे उतार, आणि त्यावर दुचाक्यांची रांग. परवा एक आजी तिथं काठी टेकवत उभ्या होत्या. पुढचा ढापा फुटलेला, बाजूची पायरी गुडघ्याएवढी, आणि रस्त्यावरून रेतीचा टिप्पर येत होता. मला म्हणाल्या, "पयले तं इथूनच जात होतो ना बाप्पा आमी. आता कुठून जाचं?"

नियम नाहीत असं नाही. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत फूटपाथवर किमान 1.8 मीटर रुंद, अडथळा नसलेली जागा सांगितली आहे. व्यापारी भागात त्याहून जास्त. कडेची उंची 150 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण सहा इंचांपेक्षा, जास्त नसावी. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं फूटपाथचा हक्क घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. मुंबईसारखे काही भाग सोडून राज्यात डिसेंबर 2020 पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात पार्किंगचं तपशीलवार कोष्टक आहे: किती फ्लॅटमागं किती चारचाकी, किती दुचाकी. मोठ्या ले-आऊटमध्ये 10 टक्के खुली जागा सोडावी लागते. हे सगळं भूखंडाच्या आतलं. फाटकाबाहेरची पट्टी आणि मागच्या वस्तीची वाट यांच्याकडं नकाशा मंजूर करतानाच कुणी बघितलं तर ठीक. एकदा पाया भरला की पुढं काही करता येत नाही.

मला सगळ्यात जास्त लागतं ते आपल्याच गप्प बसण्याचं. शेतात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जायची वाट कुणी अडवली तर आपण तहसीलदाराकडं जातो. बांधावरच्या वाटेचा हक्क देणारं महसूल अधिनियमाचं कलम 143 शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. वहिवाट म्हणजे काय, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. तोच शेतकरी गावात आला की रोजच्या पायाखालची वाट बंद होताना बघतो आणि लांबून वळून जातो. शेतातली वाट सातबाऱ्याला जोडलेली आहे, गावातली कशालाच नाही, एवढंच त्याचं कारण असावं.

त्याच रस्त्यावर पुढं दुसरी जिनिंग अजून उभी आहे. पत्रे उडालेत, प्रेसची लोखंडी चौकट भंगारात गेली, मागची भिंत पडलेली आहे आणि तिथूनही एक पायवाट जाते. त्या जागेचंही ले-आऊट पडणार, असं गावात बोललं जातं. मागच्या रविवारी आम्ही चार जणांनी टेप धरून ती वाट मोजली, गावनकाशाच्या प्रतीवर लाल पेनानं आखली आणि सोमवारी नगरपरिषदेत अर्जासोबत दिली. अर्जात मागणी एकच आहे: मंजुरीच्या नकाशात ही वाट दोन मीटर रुंदीनं सार्वजनिक म्हणून दाखवावी. पोच घेऊन ठेवली आहे.