हातून गेलेले पेशंट

लग्नात किंवा एसटी स्टँडवर कुणीतरी हात धरतो आणि विचारतो, "डॉक्टरसाहेब, ओळखलंत का?" बहुतेक डॉक्टर हसून मान हलवतात आणि मनात आडनाव शोधत राहतात. बरा होऊन घरी गेलेला पेशंट सहसा लक्षात राहत नाही. नवखेपणी समोर दगावलेला मात्र निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही.

याचे जुने पुरावे आहेत. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या साथींच्या टिपणांमध्ये, पहिल्या आणि तिसऱ्या भागांत मिळून ४२ रुग्णांच्या दिवसवार नोंदी आहेत. फिलिस्कस तटबंदीजवळ राहायचा, त्याला ताप भरला, लघवी काळी झाली, सहाव्या दिवशी तो गेला. ४२ पैकी २५ जण दगावले आणि लिहिणाऱ्यानं ते लपवलं नाही. नाव, राहण्याचं ठिकाण, अखेरचा दिवस सगळं आहे. आजच्या केसपेपरवर बेड नंबर ठळक असतो, माणूस शोधावा लागतो.

कॅनडाचे नामवंत डॉक्टर विल्यम ऑस्लर यांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथं आठवण दोन्ही बाजूंनी टिकली. १८७५ मध्ये ते २६ वर्षांचे होते, मॉन्ट्रियल जनरल हॉस्पिटलमध्ये देवीचा वॉर्ड सांभाळत होते. (त्या कामाचे पैसे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी सूक्ष्मदर्शक घेण्यात घातले.) तिथं इंग्लंडहून आलेला एक तरुण देवीच्या रक्तस्रावी प्रकारानं आजारी पडला आणि काही दिवसांतच गेला. आईनं त्याच्या बायबलमध्ये खूण करून ठेवलेला अध्याय ऑस्लरनी त्याला वाचून दाखवला आणि नंतर त्याच्या वडिलांना सविस्तर पत्र लिहिलं. सुमारे तीस वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये एका बाईंनी त्यांना विचारलं, मॉन्ट्रियलच्या त्या डॉक्टर ऑस्लरचे तुम्ही कुणी लागता का? त्या तरुणाची ती बहीण होती. आई अजून हयात होती. ऑस्लरनी मॉन्ट्रियलहून थडग्याचा फोटो मागवून घेतला आणि तो घेऊन ते तिला भेटायला गेले. तोवर त्यांचं नाव जगभर झालं होतं, पण त्या घरात ते मुलाजवळ शेवटपर्यंत बसलेले डॉक्टर होते.

सगळ्या आठवणी अशा मायेच्या नसतात. प्रत्येक सर्जन मनात एक छोटं स्मशान बाळगतो आणि अधूनमधून तिथं जाऊन चुकलं कुठं ते शोधतो, असं फ्रेंच शल्यविशारद रने लरीश यांनी १९५१ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर लिहिलं. बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी त्याआधीच हे स्मशान चव्हाट्यावर आणलं होतं. प्रत्येक पेशंटचं वर्षभरानं काय झालं हे तपासायचा त्यांचा हट्ट होता. १९११ ते १९१६ या काळात स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलमधल्या ३३७ पेशंटांचा हिशेब मांडून त्यांनी १२३ चुका छापून टाकल्या. सहकाऱ्यांना ते रुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही कुणाला रुचणार नाही.

नुसत्या रुखरुखीनं पुढच्या पेशंटचं काही भलं होत नाही. ती कागदावर उतरली तर होतं, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याकडंच आहे. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावला की अंगाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, वर चढलेला रक्तदाब, आणि शेवटी फुप्फुसात पाणी होऊन मृत्यू. पाठ्यपुस्तकात याबद्दल फारसं काही नव्हतं. बावस्कर पेशंटजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी करत राहिले. पहिल्या वर्षांतल्या त्या नोंदींचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं छापला. पुढं पुण्याहून एमडी करून ते महाडला परतले आणि रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची साधी, स्वस्त गोळी त्यांनी विंचूदंशावर वापरली. त्याचा लेख १९८६ मध्ये आला. त्यांच्या लेखांनुसार गंभीर दंशात पूर्वी तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आलं. डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कामात त्यांच्या बरोबरीनं होत्या. दगावलेली पोरं नुसती मनात ठेवली असती, तर ती बिरवाडीतच राहिली असती.

मोठ्या शहरातल्या इंटर्नला मात्र अशी सवड नसते. वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये मेडिसिन, सर्जरी, प्रसूती, कॅज्युअल्टी असं फिरत राहायचं. सकाळच्या राऊंडला 'सात नंबरचा सीआरएफ' (म्हणजे मूत्रपिंड निकामी झालेला पेशंट) म्हणायचं आणि पोस्टिंग संपली की सात नंबर विसरायचा. नेमका त्यातला एखादा विसरता येत नाही, बहुधा जिथं आपल्याकडून उशीर झाला तो. अमेरिकेतले डॉक्टर आल्बर्ट वू यांनी २००० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवलं. त्यांच्या सोबतच्या एका रेसिडेंटच्या नजरेतून ईसीजीवरची खूण सुटली आणि सहकाऱ्यांनी त्याला धीर देण्याऐवजी त्याचा न्यायनिवाडाच केला. आपल्याकडच्या वॉर्डांत अशा वेळी चहा पाजणारा एखादा सीनियर भेटतो, नाहीतर तेही नाही.

कागदपत्रांचं म्हणाल तर मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी डॉक्टरनं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या असतात. त्यानंतरचं काही हवं असेल, तर ते त्या वेळच्या हाऊसमनला, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरलाच विचारावं लागतं.