पॅकेज सापडत नाही की पॅकेज बसत नाही?

"भाऊ, इन्स्टॉलच होत नाहीये." जळगावात कॉलेजला आलेल्या यावल-रावेरच्या पोरांचे असे फोन मला येतात. मी आधी एकच सांगतो, एररची ओळ जशीच्या तशी वाचून दाखव. उबुंटूवर (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) बहुतेक वेळा तिथे 'अनएबल टू लोकेट पॅकेज' असतं, म्हणजे हवं ते सॉफ्टवेअर सापडत नाही, नाहीतर 'अनमेट डिपेंडन्सीज', म्हणजे त्याला लागणारी इतर पॅकेजेस जुळत नाहीत. पोरं दोन्हींवर एकच उपाय करत बसतात आणि अख्खी संध्याकाळ वाया जाते.

ठिबकचं दुकान डोळ्यांसमोर आणा. मागितलेला माल दुकानदाराच्या यादीतच नाही, ही झाली पहिली अडचण. माल मिळाला, पण शेतात नळी १६ एमएमची आणि हातात जॉइनर १२ एमएमचा, ही दुसरी.

पहिली सोपी. उबुंटूत पॅकेज बसवणारा ॲप्ट दर वेळी इंटरनेट धुंडाळत नाही, आपल्याकडे उतरवून ठेवलेल्या यादीत बघतो. ती यादी 'सुडो ॲप्ट अपडेट'ने ताजी करा, नावाचं स्पेलिंग तपासा, 'युनिव्हर्स' हा जादा पॅकेजचा विभाग चालू आहे का पाहा. अपडेटच ४०४ (फाइल सापडली नाही) देत असेल तर आवृत्तीची मुदत संपली असू शकते. उबुंटू २३.१० ला फक्त ९ महिन्यांचा सपोर्ट होता, तो जुलै २०२४ मध्ये संपला. अशा मशीनवर डोकं फोडण्यापेक्षा २४.०४ टाकावं.

खरी गुंतागुंत दुसरीत आहे. 'डिपेंड्स' शब्दानंतर कशाची गरज आहे ते लिहिलेलं असतं, पण निदान ओळीच्या शेवटी मिळतं. शेवटी 'नॉट इन्स्टॉलेबल' असेल, तर लागणारी वस्तू यादीतच नाही. म्हणजे पहिलीच अडचण दुसरीच्या पोटात लपलेली. उबुंटू २०.०४ साठी बनवलेली डेब फाइल (पॅकेजची फाइल) २२.०४ वर टाकली की अनेकदा नेमकं हेच होतं. ती 'लिबएसएसएल १.१' (सुरक्षित जोडणीसाठीची ओपनएसएसएलची लायब्ररी) मागते आणि २२.०४ मध्ये त्याची जागा 'लिबएसएसएल ३'ने घेतलेली आहे. कुठून तरी जुनी १.१ आणून बसवू नका. ओपनएसएसएल १.१.१ चा सार्वजनिक सपोर्ट सप्टेंबर २०२३ मध्येच थांबलाय, सुरक्षेचं भोक कायम उघडं राहील. आपल्या आवृत्तीसाठी बनलेली फाइल शोधा.

शेवटी 'नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड' असेल, तर वस्तू आहे, पण दुसऱ्या कशाशी तिचं जमत नाही. आणि वेगळाच आवृत्ती क्रमांक देऊन 'इज टू बी इन्स्टॉल्ड' म्हटलं असेल, तर सरळ १२-१६ चा घोळ. हा बहुतेकदा बाहेरून जोडलेल्या पीपीएमुळे, म्हणजे इतरांनी चालवलेल्या पॅकेजच्या साठ्यामुळे होतो. 'ॲप्ट पॉलिसी' लिहून पुढे पॅकेजचं नाव द्या, कोणती आवृत्ती कुठल्या सोर्समधून येतेय ते दिसेल.

'डीपीकेजी मायनस आय' या आदेशाने डेब फाइल टाकली तर तो डिपेंडन्सी आणून देत नाही, काम अर्धवट राहतं. त्यापेक्षा 'ॲप्ट इन्स्टॉल'लाच फाइलचा पत्ता द्या. अर्धवट राहिलंच, तर 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' आहे. पण हा आदेश कधीकधी कमी असलेलं आणण्याऐवजी तुमचं पॅकेजच काढून टाकतो. 'वाय' दाबण्याआधी काढायच्या पॅकेजची यादी वाचा. त्यात डेस्कटॉपचं नाव दिसलं तर 'एन' दाबा आणि मला फोन करा.